खिशातलं गीतरामायण

गीतरामायणात ५६ गाणी आहेत आणि त्यांचा क्रम हलवून चालत नाही. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या शुक्रवारी, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गाणं लागलं. पुढे वर्षभर दर आठवड्याला ग. दि. माडगूळकर नवं गीत लिहायचे आणि सुधीर फडके त्याला चाल लावायचे. ठरली होती ५२, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि ती ५६ झाली. माझे वडील, आप्पा, तेव्हा दहा वर्षांचे होते. गावात रेडिओ एकच, चावडीवरचा. एक गाणं ऐकायचं, मग आठवडाभर पुढच्याची वाट बघायची, अशी ही कथा त्यांच्या मनात बसलेली आहे. सीतास्वयंवराच्या आधी सेतू बांधून झाला, तर ते प्लेअर बंद करून बाजूला ठेवतात.

आप्पा एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. इंजिनांच्या आवाजात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे डाव्या कानाने फार कमी ऐकू येतं. मोतीबिंदू काढल्यावरही बारीक अक्षर लागत नाही. बोटं मात्र अजून तयार आहेत. बटण दाबलं गेलं की नाही, हे त्यांना न बघता कळतं. पहाटे ते मिरजेच्या कृष्णाघाटाच्या रस्त्याने चालायला जातात आणि त्या वेळी त्यांना गाणं हवं असतं. त्यांच्यासाठी खिशात मावेल असा प्लेअर मी शोधायला लागले आणि मिरज-सांगलीतल्या दुकानांत बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न ऐकला तो ‘किती जीबीचा देऊ?’ माझ्या मते हा शेवटचा प्रश्न आहे. ऐकणारा कोण, तो काय ऐकतो आणि ऐकताना त्याचे हात, डोळे, कान कुठे असतात, हे आधी ठरवायचं. तेवढं ठरलं की निम्म्याहून जास्त प्लेअर आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांतून निवड करणं सोपं जातं.

वेगळा प्लेअर घ्यावाच का, हाही प्रश्न आहे. ज्यांच्या फोनमध्ये मेमरी कार्डाची जागा आहे, इअरफोनचं भोक आहे आणि ज्यांना काचेवर बोट फिरवणं जमतं, त्यांनी पैसे खर्च करू नयेत. फोनवर व्हीएलसीसारखं मोफत ॲप टाकलं की उत्तम काम होतं. पण आप्पांसारख्या माणसाला फोनवर ऐकणं म्हणजे मधेच कुणाचा तरी कॉल, मधेच बँकेचा मेसेज, घामेजल्या बोटाने भलतंच काहीतरी उघडणं. शिवाय गाण्यांत बॅटरी संपली आणि गरजेच्या वेळी फोनच लागला नाही, ही भीती घरच्यांना असते ती वेगळीच. त्यांच्यासाठी वेगळा प्लेअर ही चैन नाही.

अडचण अशी की हा बाजार आता आटला आहे. १९७९मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि माणूस चालता चालता स्वतःपुरतं गाणं ऐकू लागला. १९९८मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने एमपीमॅन काढला, त्यात ३२ एमबी जागा होती, म्हणजे जेमतेम सात-आठ गाणी. २००१च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलने ५ जीबीचा आयपॉड आणला आणि हजार गाणी खिशात मावू लागली. मग फोनने हे सगळं पोटात घेतलं. २०२२च्या मे महिन्यात ॲपलने आयपॉड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आज जे उरलं आहे त्याचे ढोबळ तीन गट पडतात.

एक गट कारवांसारख्या पेट्यांचा. सारेगामा, म्हणजे आपली जुनी एचएमव्ही, हिने २०१७मध्ये ५,००० जुनी गाणी आधीच भरलेला हा रेडिओसारखा डबा काढला. पुढे मराठी गाण्यांचाही आला. ज्या घरात संगणक नाही आणि भरून देणारं कुणी नाही, तिथे मी डोळे झाकून हाच सुचवते. बटणं मोठी, स्पीकर आतच, पेनड्राइव्ह लावायचीही सोय. पण तो स्वयंपाकघरातल्या फळीवर शोभतो, सदऱ्याच्या खिशात मावत नाही.

दुसरा गट महागड्यांचा. सोनी अजून वॉकमन नावाने प्लेअर काढते, आणि फिओ, हायबी, शानलिंग या चिनी कंपन्या त्यात मुरलेल्या आहेत. आवाज खरोखर सुंदर, किमती मात्र बऱ्याचदा पाच आकडी, आणि त्यांतल्या पुष्कळांना पुन्हा फोनसारखीच काच. तिसरा गट बटणांच्या लहान प्लेअरचा, जो हजार-दोन हजारांपासून मिळतो. आप्पांसाठी आम्ही यातलाच घेतला. या गटात बरंवाईट फार जवळ जवळ असतं, म्हणून तो हातात घेऊन, आपलं कार्ड घालून, दुकानातच वाजवून बघावा.

दुकानात स्वतःचं कार्ड न्यायचं म्हणजे त्यावर काय न्यायचं, तेही सांगते. मी तीन गोष्टी नेल्या होत्या. एक, गीतरामायणाची पहिली बारा गाणी. दोन, तासाभराच्या यमनची एकच सलग फाइल. तीन, अशी एक मैफल जिच्यात विलंबित ख्याल आणि द्रुत बंदिश या दोन वेगळ्या फाइली आहेत, पण गाणं मधे थांबत नाही.

पहिल्या चाचणीत क्रम कळतो. फाइलींची नावं नुसती १, २, ३ अशी दिली, तर बरेच प्लेअर १ नंतर १०, ११, १२ वाजवतात आणि मग २वर येतात, कारण ते नाव अक्षराअक्षराने लावतात, संख्या म्हणून वाचत नाहीत. त्यावर उपाय सोपा आहे. ०१, ०२ असे दोन अंक द्यायचे. काही स्वस्त प्लेअर तर नावाकडे बघतच नाहीत. कार्डावर जी फाइल आधी उतरली ती आधी वाजते. त्यांच्यासाठी गाणी एकदम न ओढता क्रमाने एकेक करून कार्डावर टाकावी लागतात. ‘शफल’ कुठून बंद होतं आणि ते चुकून पुन्हा सुरू तर होत नाही ना, हेही तेव्हाच बघून घ्यावं.

दुसरी चाचणी आपल्या संगीताला सगळ्यात महत्त्वाची. तासाभराच्या रागात पस्तिसाव्या मिनिटाला प्लेअर बंद केला आणि पुन्हा चालू केला, तर तो कुठून सुरू होतो? चांगला प्लेअर तिथूनच उचलतो. साधा असेल तर पुन्हा आलापापासून. तीन मिनिटांच्या सिनेगीतांवर वाढलेल्या यंत्राला ही गरजच कळत नाही. पण आप्पा वीस मिनिटं जातात, घाटावर बसतात, कुणी ओळखीचं भेटलं की बोलतात आणि परतताना उरलेलं ऐकतात. हे नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. दुकानातल्या मुलाला मी हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, “काकू, हे आजवर कुणी विचारलंच नाही.” मग त्यानेच चार डबे फोडून बघितले. चारांतल्या एकाला ते जमत होतं.

तिसरी चाचणी दोन फाइलींच्या सांध्याची. एमपीथ्री फाइल बनताना तिच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता चिकटते. प्लेअरला ती ओलांडता आली नाही, तर विलंबितातून द्रुतात जाताना सम येण्याच्या ऐन वेळी खाच पडते. ज्याला तालाची सवय आहे, त्याला ती ठेच लागतेच. प्लेअरला जमत नसेल तर संगणकावर दोन्ही फाइली जोडून एकच करून ठेवावी.

आता जीबीकडे येऊ. दुकानाच्या पाटीवर ‘३२ जीबीत दहा हजार गाणी’ असं लिहिलेलं असतं ते तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यांच्या आणि बऱ्यापैकी दाबलेल्या आवाजाच्या हिशेबाने. सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा ठेवलेला असतो. त्यामुळे मिनिटाला साधारण १० एमबी जागा जाते. तासाचा राग म्हणजे सहाशे एमबीच्या वर. एमपीथ्री ही जागा कमी करते ती कानाचा स्वभाव ओळखून. मोठ्या आवाजाच्या आड दडलेला बारीक आवाज आपल्याला तसाही ऐकू येत नसतो, तो ती टाकून देते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी या कामात पारखून बघायला सुझान व्हेगा या अमेरिकी गायिकेचं ‘टॉम्स डायनर’ घेतलं होतं. त्यात वाद्य नाही, एकटा गळा आहे. आड लपायला काहीच नसलं की काय टाकलं गेलं ते उघडं पडतं.

आपल्याकडे हीच परीक्षा तानपुरा घेतो. मिरजेत सतारमेकर गल्लीतून गेलं की जवारी काढताना कारागीर घोडीवर किती हलक्या हाताने कानस फिरवतात ते दिसतं. त्या जवारीतून जे सूर वर तरंगतात, तेच फार दाबलेल्या फाइलीत आधी जातात. सेकंदाला ६४ किलोबिटची फाइल लावा आणि गायक श्वास घेतो तेवढ्या वेळात मागचा तानपुरा ऐका. तो पाण्याखालून वाजल्यासारखा ऐकू येतो. १२८ला भावगीत चालून जातं. रागसंगीताला मी ३२० किलोबिटच्या खाली जात नाही. तासाला १४४ एमबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर चारशेच्या वर तास मावतात. याहून जास्त कुणाला हवं आहे? आवाजातलं काहीही न टाकता फक्त जागा वाचवणारी फ्लॅक नावाची पद्धत २००१पासून मोफत उपलब्ध आहे. ती सीडीच्या साधारण निम्मी जागा घेते. माझा नियम असा की संगणकावर मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवायची आणि प्लेअरसाठी तिच्यावरून एमपीथ्री काढायची. एमपीथ्रीवरून पुन्हा फ्लॅक बनवली तर गेलेला आवाज परत येत नाही.

कार्ड घेताना एक सांभाळा. बरेच लहान प्लेअर ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड वाचतात. आणि फूटपाथवर अर्ध्या किमतीत मिळणारं मोठं कार्ड पुष्कळदा आत लहानच असतं, वर नुसता आकडा छापलेला. भरत जाईल तशी जुनी गाणी पुसली जातात. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा मोफत प्रोग्राम कार्डाची खरी जागा मोजून देतो.

गाणी आणायची कुठून? इथे लोकांचा सगळ्यात मोठा घोळ होतो. महिन्याचे पैसे भरून स्पॉटिफाय किंवा यूट्यूब म्युझिकवर गाणं ‘डाउनलोड’ केलं, म्हणजे ते आपलं झालं असं वाटतं. ते आपलं नसतं. ती फाइल कुलपात असते आणि किल्ली त्या ॲपकडे. ती बटणांच्या प्लेअरवर चालत नाही, पैसे थांबले की उघडत नाही. २०२४च्या जानेवारीत रेसो हे ॲप भारतात बंद झालं, त्याच वर्षी एअरटेलने विंक गुंडाळलं. लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या अशाने एका सूचनेसरशी जातात. नवं काही शोधायला ही ॲप फार चांगली आहेत, मीही वापरते. पण ज्या गाण्यावाचून आपलं अडतं, त्याची साधी, बिनकुलपाची फाइल आपल्याकडे असावी.

ती विकत मिळते. ॲपलचं आयट्यून्स दुकान २०१२च्या डिसेंबरात भारतात आलं. तिथली गाणी २००९पासून बिनकुलपाची आहेत. बँडकॅम्पवर कलाकार स्वतः विकतात, फ्लॅकमध्येही देतात, आणि पैशाचा मोठा वाटा त्यांच्यापर्यंत जातो. पण मराठी घरांतला खरा साठा कपाटात आहे. सीडी असेल तर काम सोपं. बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह घ्यायचा आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा मोफत प्रोग्राम वापरायचा. तो ओरखडा आलेली जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतो. आपण विकत घेतलेल्या सीडीची आपल्यापुरती प्रत ठेवणं मला योग्यच वाटतं. तीच गावभर वाटणं योग्य वाटत नाही.

कॅसेटला मात्र वेळ द्यावा लागतो. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते. डेकचं हेड आधी कापसाच्या बोळ्याने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं. वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवायची, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. कोकणातल्या दमट घरांतल्या फितींवर पांढरी बुरशी असते, त्या चांगल्या डेकमध्ये घालूच नयेत. डेकच्या लाइन आउटमधून वायर संगणकात घ्यायची आणि ऑडॅसिटी या मोफत प्रोग्राममध्ये ध्वनिमुद्रण करायचं. आवाजाची पट्टी लाल होऊ द्यायची नाही. तार सप्तकातली एखादी तान अचानक येते, तिच्यासाठी वर मोकळी जागा हवी. नंतर फितीची खरखर काढायचा मोह होतो. मी थोडीच काढते. जास्त काढली की खरखरीबरोबर तानपुराही जातो.

त्याच ऑडॅसिटीत आप्पांच्या कानाची सोय झाली. स्टिरिओ मुद्रणात कधी तबला एका बाजूला आणि पेटी दुसऱ्या बाजूला असते. ज्याचा एकच कान चालतो, त्याला अर्धी साथ ऐकूच येत नाही. फाइल मोनो केली की दोन्ही बाजूंना सगळं येतं. बऱ्याच फोनांतही सेटिंगमध्ये मोनोची सोय असते. घरात कुणाला एका कानाने कमी ऐकू येत असेल तर आज बघून घ्या.

बाजारात मोबाइलच्या दुकानांत पन्नास-शंभर रुपयांत ‘कार्ड भरून’ देतात. ते मला मान्य नाही. गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, आणि आवाजही बहुधा दाबून दाबून चेंगरलेला. शिवाय नावांची दैना होते. माणिक वर्मांचं गाणं दुसऱ्याच कुणाच्या नावावर, गीतकार-संगीतकार तर गायबच. मोफत आणि हक्काचं हवं असेल तर इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या तबकड्यांची मुद्रणं आहेत. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं. ग. दि. माडगूळकर १९७७मध्ये गेले, सुधीर फडके २००२मध्ये. म्हणजे गीतरामायणाच्या शब्दांवर २०३७च्या अखेरपर्यंत आणि चालींवर २०६२च्या अखेरपर्यंत हक्क आहे. आमच्याकडे ते विकतच्या सीडींवरून घेतलेलं आहे.

फाइल मिळाली की तिला नाव द्यायचं. एमपीथ्रीटॅग या मोफत प्रोग्रामात गायक, अल्बम, क्रमांक भरता येतात. हे रकाने पाश्चात्त्य गाण्यांसाठी आखलेले, त्यात राग आणि ताल यांना जागाच नाही. मी शीर्षकातच लिहिते: राग, मग लय, मग ताल. देवनागरी सगळ्या प्लेअरना येत नाही. कुठे चौकोन उमटतात, कुठे वेलांट्या सुटून अक्षरापुढे जाऊन बसतात. घेण्याआधी आपली एक देवनागरी फाइल दाखवून बघावी. आप्पांच्या प्लेअरला ती येत नव्हती, पण त्यांना पडदा वाचायचाच नसतो, म्हणून आम्ही तो तरीही घेतला. त्यांच्यासाठी फोल्डर केले आहेत आणि पुढचं फोल्डर एका बटणावर येतं. प्रत्येक फोल्डरच्या सुरुवातीला माझ्या आवाजात दोन शब्द मुद्रित करून ठेवले आहेत, ‘आप्पा, हे गीतरामायण’, ‘आप्पा, हे नाट्यसंगीत’. ही युक्ती ज्यांची नजर अधू आहे त्या सगळ्यांच्या कामाची आहे.

हेडफोन मी वायरचा घेतला. ब्लूटूथचा इअरफोन वाईट नसतो, पण चार्ज करायची आणखी एक वस्तू वाढते आणि एक बोंडी कधी गवतात पडते ते कळत नाही. आवाज किती ठेवावा याला जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे: ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास. त्याहून मोठा आवाज ठेवला तर वेळ झपाट्याने कमी होत जातो. रस्त्याकडेला दोन्ही कान बंद करून चालणं धोक्याचं, म्हणून आप्पा उजव्या, चांगल्या कानात इअरफोन घालत नाहीत, मोटारीचा हॉर्न त्यांना त्याच कानाने कळतो. डाव्या कानाला श्रवणयंत्र आहे, त्यावर मोठ्या गादीचा हेडफोन एका बाजूने बसतो. शिट्टी येऊ नये म्हणून तो कानापासून थोडा सैल ठेवावा लागतो.

सध्या काम अडलं आहे ते कुमार गंधर्वांच्या एका कॅसेटवर. तिच्यातली फीत हेडवर दाबून धरणारी लोकरीची गादी निखळली आहे आणि कॅसेट स्क्रूची नसून चिकटवलेली आहे. आप्पा म्हणतात, ब्लेडने कडेची शिवण उघडून फीत दुसऱ्या स्क्रूवाल्या कॅसेटीत बसवता येईल, आणि ते त्यांना येतं. तशी रिकामी कॅसेट मी सांगलीच्या जुन्या बाजारात शोधते आहे.